दिसेनाशी झालेली बाजू

पक्षाघाताच्या झटक्यातून मनुष्य सावरतो. हातपाय पूर्ववत चालतात, वाणीही स्पष्ट असते. तरीही दाराच्या चौकटीवर डावा खांदा आदळतो, डावीकडून आलेले गिऱ्हाईक लक्षात येत नाही आणि खातेवहीतील १,२५,००० ही रक्कम २५,००० अशी वाचली जाते. घरची मंडळी त्यास वयोमानाचा विसराळूपणा समजतात, चष्म्याचा नंबर बदलून आणतात. उपयोग होत नाही, कारण दोष डोळ्यांत नसतोच.

दृष्टीचे केंद्र मेंदूच्या मागील भागात असते. त्याच्या उजव्या बाजूस इजा झाली, की दोन्ही डोळ्यांना समोरील दृश्याचा डावा अर्धा भाग दिसेनासा होतो. यास हेमिअनोपिया म्हणतात. त्या जागी काळोखही जाणवत नाही; त्यामुळे आपणांस काही दिसत नाही, हेच रुग्णाला अनेकदा उमगत नाही. पेरिमेट्री नावाच्या वेदनारहित तपासणीत हा दोष कळून येतो.

अमेरिकेतील बोस्टनच्या शेपेन्स नेत्रसंशोधन संस्थेतील एली पेली यांनी २००० साली यावर एक उपाय मांडला. लोलक प्रकाशाची दिशा वळवितो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. डावी बाजू गेली असल्यास चष्म्याच्या डाव्या काचेवर, बुबुळाच्या वर एक व खाली एक अशा लोलकाच्या पट्ट्या बसवितात. मधली काच मोकळी राहते, म्हणून समोरचे दृश्य दुहेरी दिसत नाही. ४० डायॉप्टरच्या लोलकाने डावीकडील वस्तूची प्रतिमा सुमारे २० अंश सरकून शाबूत बाजूत येते आणि रुग्ण सावध होतो.

गेलेली दृष्टी मात्र लोलक परत आणीत नाही; तो केवळ पहारेकरी आहे. चालताना त्याचा उपयोग होतो, वाचनास नाही. हिशेब पाहताना ओळीच्या आरंभी पट्टी ठेवणे हाच तेथे सोपा मार्ग. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६१ रुग्णांनी खरे व नाममात्र असे दोन्ही लोलक आळीपाळीने वापरले. खरे लोलक पुढे चालू ठेवावेसे ६४ टक्क्यांना वाटले, नाममात्र ३६ टक्क्यांना. सहा महिन्यांनंतर ४१ टक्के रुग्ण ते वापरीत होते.

म्हणून कायमस्वरूपी काचेवर खर्च करण्यापूर्वी चिकटविता येणारा पातळ फ्रेनेल लोलक काही आठवडे वापरून पाहणे शहाणपणाचे. नजर मधल्या काचेतून ठेवून, कडेला दिसलेल्या वस्तूकडे मान वळविण्याचा सराव तज्ज्ञांकडून शिकून घ्यावा. वाहन चालविण्याचा निर्णय डॉक्टरांवरच सोपवावा. घरच्यांनी बोलताना रुग्णाच्या दिसणाऱ्या बाजूस बसावे, जाण्यायेण्याची वाट मोकळी ठेवावी आणि धक्का लागला, तर ‘जरा बघून चाला’ असे म्हणू नये. बघणे त्याच्या हाती राहिलेले नसते.