छज्ज्याची सावली आणि छायाचित्राची वक्रता

नगरजीवनाच्या दैनंदिन छायाचित्रणात इमारतीचा एखादाच तपशील वेचून दाखविण्याची रीत आता रुळली आहे. जिन्याचे वळण, खिडक्यांची ओळ, भिंतीवर पडलेली जाळीची छाया एवढ्यावरच चौकट बांधली जाते. उरलेली इमारत बाहेर राहते. अशा चित्रांना निव्वळ नक्षी मानून बाजूला सारणारे अभ्यासक आहेत, तसेच त्यांच्या रेखीवपणावरच संतुष्ट होणारे रसिकही आहेत. वस्तुतः दोन्ही भूमिका अपुऱ्या होत.

कुंतकाने ‘वक्रोक्तिजीविता’त वक्रतेचे सहा प्रकार मानले. वर्णविन्यासापासून निघालेले हे विवेचन पद, प्रत्यय, वाक्य आणि प्रकरण या पायऱ्यांनी प्रबंधापर्यंत पोहोचते. लहानात लहान घटकालाही सौंदर्याचे अधिष्ठान मानणारी, परंतु तेथेच न थांबणारी ही मांडणी छायाचित्राच्या वाचनासही उपकारक ठरावी.

अलेक्झांडर रॉडचेंको याने १९२५ साली मॉस्कोतील म्यास्नित्स्काया रस्त्यावरील घराचे सज्जे खालून, तिरप्या कोनातून टिपले. समोरून, डोळ्यांच्या उंचीवरून पाहण्याच्या सवयीला तो नकार होता. येथे वक्रता अक्षरशः कॅमेऱ्याच्या कोनात आहे. पॉल स्ट्रँडच्या १९१५ च्या ‘वॉल स्ट्रीट’ या चित्राची जात निराळी. न्यूयॉर्कमधील मॉर्गन पेढीच्या इमारतीतील प्रचंड काळे चौकोन आणि त्यांच्या पायथ्याशी लांब सावल्या टाकीत चाललेली इवलीशी माणसे. केवळ चौकोन असते तर तो उत्तम आकृतिबंध झाला असता. माणसांमुळे भांडवल आणि व्यक्ती यांच्यातील प्रमाण दृष्टीस पडते, आणि वर्णविन्यास प्रबंधाला जाऊन मिळतो.

मुंबईचे उदाहरण अधिक जवळचे. १९३० नंतर मरीन ड्राइव्हवर आणि ओव्हल मैदानाच्या पश्चिमेस आर्ट डेको शैलीच्या इमारती उभ्या राहिल्या. खिडक्यांच्या माथ्यावरून कोपऱ्याला वळसा घालून जाणारा काँक्रीटचा छज्जा आणि त्याखालची सावलीची पट्टी छायाचित्रकाराला सहज मोहविते. परंतु ती पट्टी केवळ रेषा नव्हे. ऊन आणि पाऊस अडविण्यासाठी काढलेला तो छज्जा आहे. आगबोटीची आठवण देणाऱ्या कठड्यांइतकीच ती या शैलीची या हवेशी झालेली तडजोड सांगते. रहिवाशाने बंद करून घेतलेली गॅलरी, वाळत घातलेले कपडे, मागाहून बसविलेले वातानुकूलन यंत्र यांना चौकटीबाहेर ठेवणारा छायाचित्रकार त्या वास्तूच्या चरित्रातील पुढची प्रकरणेच गाळतो.

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. २०१८ साली व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचे स्थान लाभले. तथापि दादर, माटुंगा आणि शिवाजी पार्क येथील त्याच शैलीची घरे त्या सीमेबाहेर आहेत, आणि गिरगावातील लाकडी कठड्यांच्या चाळीही. पुनर्विकासात अशी वास्तू पाडली गेली म्हणजे तिच्या कठड्याचे छायाचित्र हाच पुरावा उरतो. त्यावर स्थळ नाही, साल नाही, भिंत कोणत्या दिशेची याची नोंद नाही, तर तो साक्षीदार मुका ठरतो. रेषा उरते, शहर हरवते.

चित्र स्वयंपूर्ण असावे, त्याला नोंदींचे ओझे कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. हस्तलिखितांचा ज्यांना परिचय आहे त्यांना तो पटणे कठीण. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव, गाव आणि शक लिहून ठेवी. त्या पुष्पिकेने काव्याचा रसभंग झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. उलट कित्येक ग्रंथांचा कालनिर्णय तिच्याच आधारे झाला. नगराच्या छायाचित्रालाही अशी पुष्पिका हवी. भारतीय भाषांतील नागर साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ही मागणी संग्रहालयांकडे आणि प्रकाशकांकडे आग्रहाने केली पाहिजे, कारण ज्या चाळींतून आणि गॅलऱ्यांतून ते साहित्य निपजले, त्यांचा पाठ उद्या या चित्रांतूनच लावावा लागणार आहे.