पासपोर्ट माझा, कपाट कुणाचं?

'मॅडम, तुमच्या पासपोर्टची मुदत संपत आलीय. पाचच महिने उरलेत. आधी तो नवीन करून आणा, मग व्हिसाचं बघू.'

आमच्या ऑफिसचा पीआरओ टेबलापाशी येऊन उभा राहिला होता. आखाती देशांत पीआरओ म्हणजे व्हिसा, लेबर कार्ड, सरकारी कागदपत्रं असं सगळं बघणारा माणूस. महिनाअखेरीची बिलं जुळवण्याच्या नादात मी मानही वर न करता म्हटलं, 'हो हो, ह्यांना सांगते.'

तो हसला. म्हणाला, 'मॅडम, पासपोर्ट तुमचा आहे की सरांचा?'

मीही हसले. पण संध्याकाळी मेट्रोत बसल्यावर तो प्रश्न पुन्हा आठवला आणि हसू काही आलं नाही. दुबईत येऊन मला चौदा वर्षं झाली. बारा वर्षं नोकरी करतेय. कंपनीचे लाखो दिरहॅमचे हिशेब माझ्या सहीने पुढे जातात. पण माझा पासपोर्ट कुठे आहे, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर एकच, 'ह्यांच्या कपाटात.' त्याचा नंबर? ठाऊक नाही. कधी संपतो? ठाऊक नाही. मागच्या वेळी नवीन केला तेव्हा मी काय केलं होतं? फुल्या केलेल्या जागी सह्या!

एरवी मी खरंच 'ह्यांना सांगितलं' असतं आणि विषय तिथेच संपला असता. पण सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी हे सांगलीला गेलेले होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्या जुडग्यात, म्हणजे सांगलीलाच! शेवटी करामामधून चावीवाला बोलवावा लागला. स्वतःच्याच घरातलं कपाट परक्या माणसाकडून उघडून घेताना मला इतकं ओशाळल्यासारखं झालं म्हणून सांगू!

कपाटात फाईल मात्र झकास लावलेली. सगळ्यांचे पासपोर्ट, जन्माचे दाखले, लग्नाचं सर्टिफिकेट, घराचा करार. ह्यांच्या अक्षरात वर तारखाही लिहिलेल्या. माझ्या पासपोर्टची तारीखसुद्धा होती. म्हणजे यात ह्यांचा दोष शोधायला जावं तर तो सापडत नाही. त्यांनी लपवलं काहीच नव्हतं. मीच कधी बघितलं नव्हतं.

मग सुरू झालं माझं शिक्षण. पहिला धडा असा की आपण ज्याला 'रिन्यू' म्हणतो त्याला सरकारी भाषेत 'रि-इश्यू' म्हणतात. जुन्याची मुदत वाढत नाही, नवीनच पुस्तिका मिळते, नंबरही नवा. मोठ्या माणसांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, मुलांचा पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी असेल ते. मुदत संपायला वर्ष उरलं की अर्ज करता येतो. सहा महिन्यांच्या आत आला की व्हिसा अडतो, विमानतळावरही अडवू शकतात.

दुसरा धडा अर्ज भरताना मिळाला. माझ्या नावाने खातं आधीच होतं, पण ते उघडलेलं ह्यांच्या ई-मेलवरून. पासवर्ड ह्यांना ठाऊक, मोबाइलही ह्यांचा. 'पासवर्ड विसरलात?' यावर टिचकी मारली तर उत्तर गेलं सांगलीला! शेवटी स्वतःच्या ई-मेलने नवीन खातं उघडलं. अर्ज भरायला दीड तास लागला. वडिलांचं नाव, आईचं नाव, नवऱ्याचं नाव, जुन्या पासपोर्टचा नंबर, तो कुठे आणि कधी दिला... जुन्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर फाइल नंबर छापलेला असतो, हेही तेव्हाच कळलं. अपॉइंटमेंटचा कागद छापून निघाला तेव्हा दहावीचा निकाल हातात घेतल्यासारखं वाटलं. वय वर्षं त्रेचाळीस!

परदेशातल्या आपल्या कॉन्सुलेटचे पासपोर्टचे अर्ज हल्ली बहुतेक ठिकाणी बाहेरच्या केंद्रात घेतात. टोकन घ्यायचं, नंबर लागला की खिडकीवर कागद द्यायचे. मी टोकन घेऊन बसले आणि ह्यांना फोन लावला, 'अहो, सगळं नीट आणलंय, काळजी करू नका.' फोन ठेवला तर शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, 'ताई, मराठी काय तुम्ही?'

पंचेचाळिशीची बाई. खेड तालुक्यातली. सहा वर्षं एका घरी कामाला होती. घरकाम, स्वयंपाक, मुलं सांभाळणं, सगळंच. हातात प्लास्टिकच्या पिशवीत एकच कागद होता, तिच्या पासपोर्टची झेरॉक्स. पासपोर्टची मुदत चार महिन्यांपूर्वीच संपलेली.

'मूळ पासपोर्ट कुठाय?' मी विचारलं.

'मॅडमकडं. आली त्या दिसाला घेतलान्, तो कपाटात ठेवलान्. मागितला की म्हनते, नीट आहे, तुला कशाला हवा? लेकीचं लगीन हाय ताई, पुढल्या म्हयन्यात.'

तिचा नंबर लागला तेव्हा मीही सोबत उभी राहिले. खिडकीवरची मुलगी समजूतदार होती. तिने शांतपणे सांगितलं की अर्जाला मूळ पासपोर्ट हवा. हरवला असेल तर पोलिसांचा दाखला आणा. बाई म्हणाली, 'हरवला नाय हो. कपाटात हाय.'

'कपाटात आहे' हे शब्द ऐकले आणि मला कसंतरीच झालं. आठच दिवसांपूर्वी मी पीआरओला हेच उत्तर दिलं असतं. फरक इतकाच की माझं कपाट प्रेमाच्या माणसाचं होतं आणि मला चावीवाला बोलवता आला. ती कुणाला बोलवणार?

त्या मुलीने दोन गोष्टी सांगितल्या. भारतात तातडीने जायचंच असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेटसाठी अर्ज करता येतो, पण तो एकेरी प्रवासाचा कागद. त्यावर घरी जाता येतं, परत येता येत नाही. दुसरं, प्रवासी भारतीय सहायता केंद्राची मदत घ्या. दुबईतलं हे केंद्र चोवीस तास चालतं, ८०० ४६३४२ या नंबरवर फुकट फोन लागतो. आम्ही तिथूनच फोन लावला. बोलायला बाई घाबरत होती, म्हणून आधी मी बोलले, मग फोन तिच्या हातात दिला.

पुढची गोष्ट मोठी गोड नाही. केंद्राने मालकिणीशी संपर्क साधला. तीनेक आठवड्यांनी पासपोर्ट हातात आला, मग अर्ज झाला. तोवर लग्नाची तारीख तोंडावर आली होती. इमर्जन्सी सर्टिफिकेटवर ती जाऊ शकली असती. पण मग नोकरी गेली असती आणि लग्नाचं कर्ज तर याच पगारातून फिटायचं होतं. तिने लेकीच्या अक्षता फोनवर पाहिल्या. मला म्हणाली, 'ताई, आवाज मंग नीट येत नव्हता. वाजंत्रीच लई होती.'

हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मैत्रिणींनो, म्हणून हा विषय मला नुसत्या कागदपत्रांचा वाटत नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याचं सतरावं कलम सांगतं की पासपोर्ट ही कायम केंद्र सरकारची मालमत्ता असते. म्हणजे तो मालकिणीचा नाही, कंपनीचा नाही, सासूचा नाही आणि नवऱ्याचाही नाही. ज्याच्या नावाने दिला त्याने तो सांभाळायचा आणि वापरायचा. पोलीस तपासासाठी पासपोर्ट ताब्यात घेऊ शकतात, पण तो अडकवून ठेवण्याचा अधिकार पासपोर्ट प्राधिकरणाचाच, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं आहे. जे पोलिसांना जमत नाही, ते घरातलं किंवा ऑफिसातलं कुणीही सर्रास करतं! इथल्या अमिरातींच्या कायद्यातही घरकामगारांना आपली ओळखीची कागदपत्रं स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क आहे. २०१७ च्या कायद्यात तो होता, २०२२ च्या नव्या कायद्यातही आहे. पण कायदा कपाटापर्यंत पोचत नाही. तिथे पोचायचं तर ज्या बाईचा पासपोर्ट आहे तिला तो आपला वाटायला हवा.

आपल्या देशात या हक्काचं मोठं भांडण एका बाईच्याच पासपोर्टवरून झालं, हे किती जणींना ठाऊक आहे? १९७७ मध्ये सरकारने मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त केला. त्या कोर्टात गेल्या आणि जानेवारी १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, तो काढून घ्यायचा तर पद्धतही न्याय्य हवी. वकिलीच्या अभ्यासात आजही हा निकाल शिकवतात. आपण मात्र आपल्याच घरात तो हक्क 'असू दे हो तुमच्याकडे' म्हणून देऊन टाकतो!

नियमही हळूहळू बदलताहेत. डिसेंबर २०१६ पासून पासपोर्टसाठी लग्नाचं सर्टिफिकेट लागत नाही, विभक्त किंवा घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही, आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं. तरीसुद्धा जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की पासपोर्टसाठी अर्ज करायला बायकोला नवऱ्याच्या परवानगीची किंवा सहीची गरज नाही. त्या बाईचा घटस्फोटाचा दावा चालू होता आणि तिच्याकडे नवऱ्याची सही मागितली होती! जो माणूस कोर्टात समोर उभा आहे त्याच्याकडेच सही मागायला जायचं!

कुणी म्हणेल, 'अगं, तुझ्या नवऱ्याने काय छळ केला का? घरात एकाने नीट सांभाळलं तर बिघडलं कुठे?' काहीच बिघडत नाही. घरी एक फाईल असणं चांगलंच. माझा आक्षेप फाईलला नाही, आपल्या बेफिकिरीला आहे. सगळं सुरळीत असतं तोवर पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे याने फरक पडत नाही. फरक पडतो तो बिनसल्यावर. परदेशातून सुट्टीला म्हणून बायकोला माहेरी आणायचं आणि तिचा पासपोर्ट घेऊन एकट्याने परत जायचं, अशा तक्रारी नव्या नाहीत. अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांतल्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात वेगळा कक्षच आहे. पासपोर्ट नाही म्हणजे व्हिसा नाही, व्हिसा नाही म्हणजे तिथल्या कोर्टात जाणंही अवघड. अशा वेळी त्या मुलीला आपला पासपोर्ट नंबर तरी पाठ हवा ना?

आणि नवरा देवमाणूस असला तरी उद्या तो आजारी पडला, कुठे अडकला, किंवा नसलाच, तर? आपल्याकडे बाई विधवा झाल्यावरच तिला बँकेतलं खातं दाखवायची पद्धत आहे. परदेशात ते फार महागात पडतं. तिथे माहेर तासाभरावर नसतं.

माझा नवीन पासपोर्ट दोन आठवड्यांत आला. जुना कोपरा कापून रद्द केलेला, तोही परत मिळाला. नवा नंबर ऑफिसात कळवला, व्हिसाच्या नोंदीत बदलून घेतला. हे सगळं माझं मीच. पीआरओ म्हणाला, 'सरांनी केलं वाटतं?' मी म्हटलं, 'नाही, सर सांगलीला आहेत.'

हे परत आले तेव्हा फाईल काढून म्हणाले, 'दे, लावून टाकतो.' मी पासपोर्ट दिला, आणि सोबत एक किल्लीही ठेवली. चावीवाल्याकडून दोन करून घेतल्या होत्या, एक माझ्या पर्समध्ये. ह्यांनी क्षणभर किल्लीकडे बघितलं, म्हणाले, 'हे आधीच करायला हवं होतं गं.' आमची पंधरा वर्षांची लेक तिथेच होती. तिने विचारलं, 'बाबा, माझा कधी संपतो?' मी म्हटलं, 'त्यांना काय विचारतेस? उघड आणि बघ.'

तुम्ही परदेशात असा, नाहीतर पुण्या-मुंबईत बसून मुलाकडे अमेरिकेला जायची वाट बघत असा. आज संध्याकाळी पोळ्या झाल्या की एवढं करा. आपला पासपोर्ट मागून घ्या. संपायची तारीख बघा, नंबर वहीत लिहा, पहिल्या आणि शेवटच्या पानाचा फोटो काढून स्वतःच्या ई-मेलवर पाठवा. स्वतःच्या बरं का, ह्यांच्या नव्हे! आणि तुमच्या घरी कामाला येणाऱ्या कुणाची कागदपत्रं 'सुरक्षित राहावीत' म्हणून तुम्ही कपाटात ठेवली असतील, तर ती आजच परत करा. तिच्याही लेकीचं लग्न असेल पुढल्या महिन्यात.