नदीकाठच्या रात्रीची 'सुधारणा'

'सुधारणा' हा शब्द मराठीने मोठ्या कष्टाने कमावला आहे. १८८८ साली आगरकरांनी आपल्या पत्रास 'सुधारक' हे नाव दिले, तेव्हा जे आहे ते आधी उघड्या डोळ्यांनी पाहावे आणि मग ते पालटण्यास झटावे, असा त्या शब्दाचा आशय होता. आज छायाचित्रांच्या दुकानांत हाच शब्द नेमका उलट्या अर्थाने चालतो. जे आहे ते पुसावे, जे नाही ते चिकटवावे आणि गिऱ्हाइकाच्या हाती 'सुधारलेला फोटो' म्हणून ठेवावे! दुकानदारीची भाषा म्हणून आम्ही याकडे काणाडोळा केला असता; परंतु ही चित्रे आता आपल्या दिनदर्शिकांवर आणि देवस्थानांच्या स्मरणिकांवर येऊन बसली आहेत, म्हणून दोन शब्द परखडपणे लिहिणे भाग पडत आहे.

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील पलसाणा तालुक्यात पोटापाण्यासाठी येऊन स्थिरावलेली मराठी माणसे आहेत. शहर म्हटले की त्यांच्यापुढे सुरत उभी राहते, आणि सुरत म्हटली की तापी. तेथील एका घरी टांगलेल्या दिनदर्शिकेवर तापीकाठचा रात्रीचा पॅनोरामा, म्हणजे अनेक तुकडे जोडून केलेले लांबरुंद चित्र, आमच्या पाहण्यात आले. डावीकडे सोळाव्या शतकातला किल्ला, उजवीकडे पुलांची रांग, वर गडद निळे आकाश, त्यात परातीएवढा चंद्र आणि खाली या तीरापासून त्या तीरापर्यंत आरशासारखे निश्चल पाणी. प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब पाण्यात जेथल्या तेथे! अशा नदीस आम्ही ओळखत नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही यंत्राचे वैरी. तसे मुळीच नाही. रात्रीच्या दृश्यापुढे कॅमेरा डोळ्याहून दुबळा ठरतो, आणि त्याचा दुबळेपणा भरून काढणे हे छायाचित्रकाराचे कर्तव्यच आहे. एकाच क्षणी झगझगीत दिवा आणि काळोखातली पायरी डोळा पाहू शकतो. कॅमेऱ्यात दिवा सांभाळावा तर पायरी बुडते, पायरी सांभाळावी तर दिव्याचा पांढरा गोळा होतो. म्हणून तिपाईवर कॅमेरा न हलवता एकाच दृश्याची कमी, मध्यम व अधिक प्रकाशाची तीन चित्रे घेऊन ती एकत्र करणे यात लबाडी नाही. उभे तुकडे घ्यावेत, प्रत्येक तुकड्याचा सुमारे तृतीयांश भाग पुढच्यावर चढू द्यावा, आणि पहिल्या तुकड्यास जे प्रकाशमान, जे नाभीयन व जो रंगमेळ ठरवला तोच शेवटपर्यंत राखावा. यंत्राला दर तुकड्यागणिक आपले आपण ठरवू दिले की आकाशात पट्टे उमटतात. जवळचा कठडा चौकटीत असेल तर तिपाईच्या खिळ्याभोवती न फिरवता भिंगातील प्रकाशप्रवेशाच्या बिंदूभोवती कॅमेरा फिरवावा, म्हणजे जोडाजवळ कठडा दुहेरी दिसत नाही. वाहत्या पुलावर तिपाई मांडू नये. मालमोटार गेली की पूल थरथरतो आणि पाच सेकंदांचे चित्र वाया जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ साधावी. सुरतेच्या अक्षांशावर सूर्य मावळल्यानंतर पंचवीसेक मिनिटांत नागरी संधिप्रकाश सरतो. दिवे लागलेले आहेत आणि आकाशात अजून निळाई आहे, असा योग त्याच्या आगेमागे थोडाच वेळ असतो. तो साधणाऱ्यास आकाश रंगवावे लागत नाही. या सर्व खटाटोपास आम्ही सुधारणा म्हणतो. कॅमेऱ्याने जे चुकवले ते दुरुस्त करावे. शहराचे जे चुकले आहे ते चित्रात दुरुस्त करू नये. आमचे सारे भांडण एवढ्यापुरतेच आहे.

आता त्या आरशासारख्या पाण्याचे पाहू. सिंगणपोरच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला तापीचे पाणी अडलेले असते, आणि तेथे जलपर्णीची दाट गादी पसरते. महानगरपालिकेला ती पुनःपुन्हा काढावी लागते. जलपर्णी पसरली असेल तेथे दिव्याचे प्रतिबिंब पडत नाही, चित्रात काळे डाग दिसतात. बंधाऱ्याच्या खाली, किल्ल्याच्या बाजूस, समुद्राची भरती-ओहोटी खेळते, आणि ओहोटीस गाळ उघडा पडतो. त्यावरही दिव्याची रेघ उमटत नाही. 'सुधारक' महाशय काय करतात? वरच्या काठाचे दिवे उचलून उलटे करतात आणि त्या डागांवर डकवतात. म्हणजे नदीचा रोग जेथे स्वच्छ दिसत होता, नेमकी तीच जागा त्यांनी लिंपली! वैद्याला जीभ दाखवण्यापूर्वी तिला रंग फासावा, तसलाच हा प्रकार.

चंद्राची गोष्ट तर हास्यास्पद आहे. चंद्रबिंबाची रुंदी आकाशात सुमारे अर्धा अंश. दीडशे अंशांचा पॅनोरामा घेतला तर त्याच्या लांबीच्या तीनशेव्या भागाएवढा चंद्र दिसावयास हवा. हातभर लांब चित्रात जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढा. परातीएवढा चंद्र दुसऱ्याच भिंगाने, बहुधा दुसऱ्याच गावी टिपलेला असतो. मुंबईच्या चौपाटीची चित्रे पाहा. नुकताच उगवलेला पूर्णचंद्र आणि काठोकाठ भरलेला समुद्र! किनाऱ्यावरची आपली वडीलधारी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगत. त्या हिशेबाने अष्टमीस भरती सहाच्या सुमारास येते, आणि पौर्णिमेस दुपारी व मध्यरात्री बाराच्या आगेमागे. म्हणजे पौर्णिमेचा चंद्र उगवतो तेव्हा मुंबईस ओहोटी असते. संध्याकाळी भरले पाणी हवे तर अष्टमीस जावे. तेव्हा उधाण नव्हे, भांगाची भरती मिळेल, आणि शुक्ल पक्ष असेल तर अर्धा चंद्र डोक्यावर असेल. (खंबायतच्या आखातात वेळा निराळ्या पडतात; मुंबईचा हिशेब सुरतेस लावू नये.) पंचांग घरोघरी असलेल्या समाजाच्या स्मरणिकेवर असे चित्र यावे आणि कोणासही ते खटकू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

रंगाच्या बाबतीत तरी पलसाण्याच्या माणसांनी फसू नये. तालुक्यात कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या आहेत. शेड जुळवणाऱ्या कारागिरास विचारा: दोन तुकडे एका दिव्याखाली एकसारखे दिसतात आणि दिवसाच्या उजेडात वेगळे पडतात. सोडियमच्या दिव्याखाली लुगडे निवडण्याची चूक सुरतेत कोणी करणार नाही. रात्रीच्या शहराला दिव्यांनीच रंग येतो, आणि ते दिवे हा त्या शहराचा इतिहास असतो. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर २०१५ साली सोडियमचे पिवळे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले, तेव्हा 'राणीचा रत्नहार' फिका पडला म्हणून केवढा गहजब झाला! पुढे पिवळसर छटेचे दिवे लावण्यात आले. त्या मधल्या पांढऱ्या महिन्यांतली रात्रचित्रे कोणी 'सुधारून' सोनेरी केली असतील, तर त्याने वादातला पुरावाच नाहीसा केला.

गोमंतकाची तऱ्हा याहून बोलकी आहे. बेतीच्या तीरावरून रात्री पणजीकडे पाहिले की आदिलशहाच्या जुन्या राजवाड्याआधी डोळ्यांत भरतात त्या मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोच्या झगमगत्या बोटी. त्या हलवण्याची आश्वासने वर्षानुवर्षे दिली गेली. बोटी नदीतच आहेत. परंतु 'सुंदर पणजी' दाखवण्याच्या भरात चित्रातून त्या पुसण्याचा मोह सज्जनांनाही होतो. आम्हांस त्या बोटींचे कौतुक नाही. म्हणूनच आमचे म्हणणे आहे की त्या चित्रात राहिल्याच पाहिजेत. ज्या कारभाऱ्यांना नदीतून बोट हलवता येत नाही, त्यांच्यासाठी आपण ती कागदावरून हलवून द्यावी, ही कोणती देशसेवा?

यावर एक आक्षेप येईल: चित्र म्हणजे शोभेची वस्तू, तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कशाला उभे करता? राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून १८९४ पासून देवदेवतांची चित्रे घरोघरी गेली, ती काय खरी होती? उत्तर सोपे आहे. चित्रकार कुंचला लपवीत नाही. त्याची लक्ष्मी कमळावर उभी राहते ती त्याच्या कल्पनेच्या बळावर, आणि हे पाहणारा जाणतो. छायाचित्राचे मोल मात्र 'तेथे हे होते' या एका विश्वासावर उभे आहे. १८७७ चा होप पूल कसा दिसे, २००६ च्या ऑगस्टमधील महापुरात पाणी कोठवर चढले, हे आपण कोणाला विचारतो? जुन्या छायाचित्रांनाच. आमच्या नातवंडांनी आजच्या तापीविषयी विचारले, तर या दिनदर्शिकेने त्यांना काय सांगावे?

अंधाराचीही यांना अकारण भीती वाटते. वाळकेश्वरी बाणगंगेच्या पायऱ्यांवर कार्तिकी पौर्णिमेस पणत्या लागतात, त्यांचे चित्र पायरीन् पायरी उजळून छापलेले आम्ही पाहिले आहे. पणत्या त्यात कोठे आहेत हे शोधावे लागते. दिव्याखाली अंधार ही म्हण दोषदर्शक खरी, पण तो अंधार काढून टाकला तर दिव्यास काम उरत नाही.

देवस्थानांच्या समित्यांकडे आणि स्मरणिकांच्या संपादकांकडे आमची मागणी अवघड नाही. मुखपृष्ठावर रात्रीचे चित्र घालावयाचे असेल तर त्याखाली जागा, तिथी-तारीख आणि वेळ छापावी. किती तुकडे जोडले आणि काही पुसले वा घातले असल्यास काय, हे एका ओळीत सांगावे. आणि मूळ, न छेडलेले तुकडे देवस्थानच्या दप्तरात जपून ठेवावेत. ज्यांना ही ओळ छापण्याची लाज वाटेल, त्यांनी चित्रकाराकडून चित्र काढून घ्यावे आणि त्याखाली त्याचे नाव घालावे. येत्या वर्षीच्या दिनदर्शिकांची कामे दिवाळीपूर्वीच छापखान्यात जातात. सुरतेस ज्यांचे कॅमेरे आहेत त्यांनी तत्पूर्वी एखाद्या संध्याकाळी तापीवर जावे आणि जलपर्णीसकट नदी घेऊन यावी.