थंडीवर आळ

नोव्हेंबर उजाडला की दोन वस्तूंचा प्रचार सुरू होतो : स्वेटर आणि मोटारीची बॅटरी. स्वेटरबद्दल माझी तक्रार नाही. पुण्याच्या थंडीत तो निदान मिरवायला तरी उपयोगी पडतो. पण 'साहेब, हिवाळा आला, बॅटरी बदलून टाका' हा जो उपदेश उंच, आलिशान गाड्यांच्या मालकांना केला जातो आणि जो ते मान डोलावून ऐकतात, त्याला माझी सक्त हरकत आहे.

अहो, बॅटरीला थंडी मारत नाही. ती मरते उन्हाळ्यात. थंडी फक्त पंचनामा करते. आत शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचं आम्ल, एवढाच हा सगळा संसार. १८५९ साली प्लांते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने तो मांडला आणि मुळात तो अजून तसाच आहे. उष्म्याने पट्ट्या गंजतात, पाणी उडतं. ढोबळ हिशेब असा, की तापमान कायमचं दहा अंशांनी चढलं तर बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. आता एप्रिल-मेमधलं चाळिशीतलं पुणं घ्या, पंचेचाळिशीतलं चंद्रपूर घ्या. तिथे अर्धमेली झालेली बॅटरी दिवाळीपर्यंत कशीबशी तग धरते. मग डिसेंबरात एका पहाटे आम्ल सुस्तावतं, इंजिनातलं तेल घट्ट होतं आणि सेल्फ 'कुर्र' करून गप्प बसतो. खून केला मे महिन्याने, बेड्या पडल्या डिसेंबरला!

हा हिवाळी उपदेश आला बर्फाच्या मुलखातून. बॅटरीवर थंडीतल्या ताकदीचा जो आकडा छापलेला असतो, तो उणे १८ अंशांना मोजलेला. आमच्या निफाडला पारा पाचावर आला तरी पेपरात फोटो येतो, आणि तोही द्राक्षांच्या काळजीपोटी. जानेवारीत गाडी घेऊन कुणी लेह-द्रासला निघालाच, तर मी तोंड मिटून घेतो. तिथे तपासणी हवीच. कारण पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० लाही गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतलं उणे दहाच्या आतबाहेरच गोठायला लागतं. पण कोथरूडहून डेक्कनला जाणाऱ्याने उणे १८ चा धसका का घ्यावा?

खरं दुखणं निराळंच आहे. या गाड्या उभ्या असतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांची गाडी आठवड्यातले सहा दिवस बुरखा घालून खाली बसलेली असते. पण ती झोपत नाही हो! अलार्म जागा, किल्लीची चाहूल घेणारं यंत्र जागं, घड्याळ जागं. तब्येतीने ठीक असलेल्या गाडीलाही उभ्या उभ्या ५० मिलिअँपिअरपर्यंत वीज लागते. दिवसाला १.२ अँपिअर-तास, महिन्याला ३६. बॅटरी असते ९० ची. म्हणजे महिन्यात चाळीस टक्के काढले आणि भरणा शून्य! अशा खात्याचं पुढे काय होतं, हे काउंटरच्या आत बसणाऱ्याला विचारा. मग रविवारी साहेब गाडी काढून चौकातून श्रीखंड आणतात आणि समजतात, की बॅटरी चार्ज झाली. गाडी सुरू करताना गेलं तेवढं त्या दहा मिनिटांत परत येतं, पण उभ्या उभ्या सहा दिवसांत गेलेलं काही धड भरून येत नाही.

आणि तपासणी तरी कशी? गाडी रस्त्यावरून धावत आली, की तिथल्या तिथे मीटर लावायचा. धावपळीने आलेली तात्पुरती सूज उतरण्याआधीच निदान तयार : 'वीक आहे, साहेब.' जो माणूस मंडईत कोथिंबिरीच्या जुडीसाठी तीन गाळे फिरतो, तो इथे पाच आकडी बिलावर निमूट सही करतो. किती वीक, हे विचारत नाही! अरे, गाडी रात्रभर उभी राहू दे. सकाळी १२.६ व्होल्ट किंवा वर दिसले तर चार्ज पुरेपूर, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्जर लावा. चार्ज करून लोडवर तपासा, आकड्याची चिठ्ठी मागा. त्यातही ती नापास झाली तर खुशाल बदला. पण मग गाडीला लागते त्याच जातीची घाला, आणि ज्या गाडीच्या कॉम्प्युटरला नवी बॅटरी आल्याचं कळवावं लागतं तिथे ते कळवा. तिथे स्वस्ताई नको.

माझा यात संबंध काय, असं कुणी विचारील. पूर्वी फियाट बंद पडली की चार शेजारी लेंग्यावर धावत, धक्का मारत, गाडी फुर्रकन सुटे. त्याआधी तर हँडल होतं. सेल्फ आला १९१२ साली, कॅडिलॅकमध्ये. या नव्या गाड्यांना ऑटोमॅटिक गियर. धक्का मारून सुरू होत नाहीत, आणि वीज गेली की बऱ्याचशा जागच्या हलतही नाहीत. दोन टनांचं धूड फाटकात आडवं, मागे आठ स्कूटर, त्यांतली एक माझी, आणि बँकेतल्या मस्टरला कुणाच्याही बॅटरीची दया येत नाही.

म्हणून सोसायटीच्या सभेत मी ठराव मांडला : मोठ्या गाड्यांची बॅटरी दरवर्षी जूनमध्ये, म्हणजे उन्हाळा सरताच, तपासावी आणि चिठ्ठी नोटीस बोर्डावर लावावी. ठराव उपसमितीकडे गेला आहे. उपसमितीचे अध्यक्ष तिसऱ्या मजल्यावर राहतात.