उन्हाळ्यात हवा कमी, हे कोणी सांगितलं?

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन आहेत. एक मोरगावची, तिला रेल्वे आहे. दुसरी आमची, तिला सडक आहे, म्हणून नाव सडक अर्जुनी. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६, आताचा ५३, गावाजवळून जातो. एका बाजूला साकोली, भंडारा, नागपूर. दुसऱ्या बाजूला देवरी आणि पुढे छत्तीसगड. मधल्या पट्ट्यात नवेगाव-नागझिऱ्याचं जंगल. हॉस्टेलमध्ये मला "कुठली गं तू?" असं विचारलं की मी गावाचं नाव सांगते आणि समोरची हसते, "सडकेवरची?" हो बाई, सडकेवरचीच! म्हणूनच हा लेख टायरवर आहे. प्रेमभंग, पाऊस आणि कँटीनचा चहा यांवरचे लेख याच अंकात बाकीच्यांनी लिहिले असतीलच.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीत कुठे ठेच लागली तर मराठीच्या मॅडमनी सांभाळून घ्यावं.

आमच्या भागात एक सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. मार्च संपला की पंक्चरवाल्यापासून मामापर्यंत सगळे सांगतात, "उन्हाळा आहे, हवा दोन-चार पॉइंट कमीच ठेवजो. गरम झाली का फुगते, मंग टायर फुटते." ऐकायला एकदम सायंटिफिक! अकरावीच्या फिजिक्समध्ये आपण हेच शिकलो ना, व्हॉल्यूम तेवढाच असेल तर तापमान वाढलं की दाब वाढतो? मग मामा बरोबरच म्हणतोय की!

मामा अर्धं बरोबर म्हणतोय, आणि हे अर्धं बरोबरच जास्त धोक्याचं आहे.

दाब किती वाढतो ते आधी बघू. समजा, डिसेंबरच्या सकाळी आमच्याकडे १० अंश सेल्सिअसला टायरमध्ये २८ पॉइंट हवा आहे. तीच हवा, थोडीही न गळता, मे महिन्याच्या दुपारी ४३ अंशांवर गेली तर गेजवर साधारण ३३ दिसेल. (गेजच्या आकड्यात वातावरणाचे १४.७ मिळवायचे आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. हे विसरलात तर उत्तर भलतंच येईल आणि व्हायव्हात सर सोडणार नाहीत.) म्हणजे अख्ख्या ऋतूचा फरक पाच पॉइंटचा. गाडी धावल्यावर आणखी चार-पाच चढतील. चांगल्या स्थितीतला टायर एवढ्याने फुटत नाही, कारण कंपनी जेव्हा "थंड टायरमध्ये ३३" असं सांगते तेव्हा ही चढती धरूनच सांगते.

मग फुटतो कशाने? बहुतेक वेळा उलट कारणाने. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक चकरेला जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. लोखंडी तार तोडायची असली की आपण ती वाकवतो-सरळ करतो, वाकवतो-सरळ करतो, आणि वाकवलेली जागा हाताला गरम लागते. तसंच हे. ताशी ऐंशीच्या वेगाने कारचं चाक मिनिटाला सातशेच्या आसपास चकरा मारतं. म्हणजे मिनिटाला सातशे वेळा वाकणं! त्या उष्णतेने रबर आणि आतल्या तारांच्या पट्ट्यांची पकड सुटत जाते आणि एका क्षणी पट्टा उकलून टायर फाटतो. बाहेर ४५ डिग्री, खाली तापलेलं काँक्रीट, गाडीत सात जण आणि लग्नाचं सामान, आणि वर मामाच्या सल्ल्याने हवा चार पॉइंट कमी... म्हणजे फुटू नये म्हणून जे केलं त्यानेच फुटण्याची तयारी झाली.

एक मजेची गोष्ट सांगते. टायरमधली हवा सांगणारे सेन्सर, ज्यांना टीपीएमएस म्हणतात, ते बर्फाळ देशांतल्या लोकांचे चोचले आहेत असं आपल्याला वाटतं. पण अमेरिकेत त्यांचा कायदा झाला तो उन्हामुळे. २००० साली तिथे फायरस्टोन कंपनीने फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना लागणारे सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. टायरची कातडी सुटून गाड्या उलटत होत्या. अडीचशेवर माणसं गेली. अपघातांचं प्रमाण टेक्सास, अॅरिझोना, फ्लोरिडा अशा तापणाऱ्या राज्यांत जास्त होतं. टायर कंपनी गाडीवाल्यांना दोष देत होती, गाडीवाले टायरला. वादातला एक मोठा मुद्दा हवेचाच होता : फोर्डने २६ पॉइंट सांगितले होते, टायरवाल्यांचं म्हणणं ३०. त्याच वर्षी तिथल्या काँग्रेसने कायदा केला आणि २००७ च्या सप्टेंबरपर्यंत प्रत्येक नव्या कारमध्ये ही सोय सक्तीची झाली. म्हणजे टीपीएमएसचं मूळ मे महिन्यातल्या विदर्भासारख्याच हवेत आहे म्हणा ना!

बर्फाची बाजूही आहेच. माझी मावसताई जर्मनीत असते. तिथे ऑक्टोबर आला की टायर बदलायचे आणि ईस्टर झालं की पुन्हा बदलायचे. सात अंशांखाली आपल्यासारखे साधे टायर कडक होतात, रस्ता धरत नाहीत. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. पर्वताच्या तीन शिखरांत बर्फाची चांदणी, असं चिन्ह त्यावर असतं. बर्फ किंवा गोठलेला रस्ता असताना त्याशिवाय गाडी चालवली तर दंड. ताईची तक्रार वेगळीच. टायरचा दुसरा सेट लावला की डॅशबोर्डवरचा दिवा पेटतो, कारण त्या चाकांत सेन्सर नाहीत, किंवा असले तरी गाडीला त्यांची ओळख करून द्यावी लागते. "तुमचं बरं आहे गं, एकच टायर बारा महिने," असं ती म्हणते. एकच आहे खरं. पण त्यालाच १० अंश आणि ४५ अंश दोन्ही सोसावे लागतात, हे कुठे कोणी मोजतंय? आपल्याला टायर बदलायचे नाहीत, फक्त त्यातला आकडा बघायचा आहे, आणि तेवढंही होत नाही.

आता सेन्सरबद्दल, कारण शोरूमवाले हल्ली हेच पहिलं दाखवतात. प्रकार दोन. एकात व्हॉल्वच्या मागे, रिमच्या आत छोटंसं यंत्र असतं. ते खरा दाब मोजून रेडिओने कळवतं. त्याची बॅटरी पाच ते दहा वर्षं चालते आणि संपली की बहुधा अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. दुसऱ्या प्रकारात मोजमाप नसतंच. हवा कमी झाली की चाकाचा घेर किंचित घटतो, ते चाक बाकीच्यांपेक्षा जरा जलद फिरतं, आणि एबीएसचे सेन्सर ते पकडतात. अक्कल छान आहे, पण चारही टायरची हवा सारखीच हळूहळू उतरली तर याला पटकन कळत नाही. आपल्याकडे नेमकं तेच होतं.

शिवाय दिवा पेटतो केव्हा? अमेरिकेच्या नियमात शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर, युरोपात २० टक्क्यांवर. म्हणजे ३३ चे २७-२८ होईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. मामाच्या सल्ल्याने काढलेले चार पॉइंट त्याला दिसणारच नाहीत. ज्यांच्या गाडीत सेन्सर आहे त्यांनी "दिवा नाही म्हणजे हवा ठीक" असं समजणं, म्हणजे एटीकेटी लागली नाही म्हणून अभ्यास झाला असं समजणं.

माझं खरं भांडण मात्र एका नियमाशी आहे. २०२० च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. कारण असं, की जागा वाचते आणि इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी बसवता येते. पुण्या-मुंबईत बसून हे पटतं. पण कोहमाऱ्याहून देवरीकडे रात्री अकरा वाजता जाऊन बघा! किटमधलं औषध ट्रेडमध्ये खिळ्याएवढं भोक असेल तर काम करतं. खड्ड्याच्या धारेवर किंवा दगडावर टायरची बाजू चिरली तर सेन्सर अगदी इमानदारीत सांगेल, "हवा शून्य." आणि मग? मदत येईपर्यंत जंगलात बसा. सेन्सर असावाच, मी त्याच्या विरोधात नाही. पण आजार कळला म्हणून औषधाची बाटली फेकून द्यायची, हा कुठला व्यवहार? ज्या गाडीत जागा आहे तिथे स्टेपनी हवीच, निदान छोटी तरी. ग्राहकाने ती मागून घ्यावी.

आणि ज्यांना सेन्सरची सगळ्यांत जास्त गरज आहे त्यांच्याकडे तो सहसा नसतोच. आमच्या सडकेवर कार कमी, ट्रक जास्त. धानाच्या सीझनमध्ये तर विचारूच नका. दहा-बारा चाकं, त्यांतली मागची जोडीत. आतल्या चाकाची हवा गेली तरी बाहेरचं भार उचलतं आणि ड्रायव्हरला पत्ता नसतो. क्लीनर लोखंडी टॉमीने टायरवर ठोकून आवाजावरून सांगतो. त्या कानाबद्दल मला आदर आहे, पण पाच पॉइंटचा फरक कानाला कळत नाही. युरोपात जुलै २०२४ पासून नवे ट्रक, बस आणि ट्रेलर यांनाही टीपीएमएस सक्तीचा झाला. आपल्याकडे कारच्या जाहिरातीत ते "फीचर" म्हणून मिरवतं आणि चाळीस प्रवासी घेऊन जाणाऱ्या बसबद्दल कोणी विचारत नाही.

रस्ता हा विषय आमच्या तालुक्यात चेष्टेचा नाही. २९ नोव्हेंबर २०२४ ला गोंदिया-कोहमारा रस्त्यावर शिवशाही बस उलटली, अकरा प्रवासी गेले. त्यात टायरचा संबंध होता असं मी अजिबात म्हणत नाही. उलट माझा मुद्दा असा, की आपण प्रत्येक अपघातानंतर "टायर फुटला" म्हणून मोकळे होतो. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या पहाटे खासगी बस जळून २५ जण गेले, तेव्हा चालकाने आधी टायर फुटल्याचंच सांगितलं. परिवहन खात्याच्या अहवालात मात्र तसं आढळलं नाही. "टायर फुटला" म्हटलं की जणू कोणाचाच दोष नाही, देवाची करणी!

मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हे मान्य केलं नाही. २०१० साली पुण्याहून मुंबईला जाताना मागचा टायर फुटून गाडी दरीत गेली होती आणि विमा कंपनी म्हणत होती, ही देवाची करणी. न्यायालयाने सांगितलं, नाही. टायर फुटण्यामागे वेग, कमी हवा, जास्त हवा, जुना टायर, तापमान अशी कारणं असतात आणि निघण्याआधी टायर बघणं हे चालकाचं किंवा मालकाचं काम आहे. भरपाई द्यावीच लागली. हा निकाल आपल्या पार्किंगच्या भिंतीवर लावला पाहिजे असं मला वाटतं, म्हणजे डिपार्टमेंटच्या त्या "कीप क्लीन" बोर्डापेक्षा तरी कोणी वाचेल.

आता "नायट्रोजन भरला की झालं" म्हणणाऱ्यांसाठी. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच आहे. शुद्ध भरला तर ओलावा कमी असतो आणि गळती जरा मंद होते, हे खरं. पण तापल्यावर तोही साधारण तसाच फुगतो. पैसे जास्त असतील तर भरा, पण आकडा बघणं त्याने चुकत नाही.

आकडा कुठला, हेही पुष्कळांना माहीत नसतं. टायरच्या अंगावर छापलेला "मॅक्स" आकडा हा आपला आकडा नाही, ती त्या टायरची शेवटची मर्यादा आहे. आपला आकडा कारमध्ये ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, बाइकमध्ये चेन कव्हरच्या आसपास किंवा मॅन्युअलमध्ये. डबलसीटसाठी मागच्या चाकाला वेगळा. तपासायचं टायर थंड असताना, म्हणजे गाडी तीन तास उभी असेल तेव्हा, सकाळीच. दुपारी तापलेल्या टायरमध्ये ३८ दिसले म्हणून सुंईऽऽ करून हवा सोडायची नाही. आणि सेन्सरवालं चाक उघडताना पंक्चरवाल्या दादांना आधी सांगायचं, "दादा, व्हॉल्वजवळ सेन्सर आहे," नाहीतर टॉमीच्या एका झटक्यात काही हजारांचा चुराडा. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. "मशीन बंद आहे" म्हटलं की मुकाट्याने निघायचं नसतं, तक्रार वही मागायची.

हॉस्टेलच्या शेडमध्ये ज्या बाइक आहेत त्यांवरून दर शनिवारी आपली मंडळी रामटेकपासून गावापर्यंत जातात, ट्रिपलसीटसुद्धा (वॉर्डन मॅडम, नावं सांगणार नाही). आपल्या मेकॅनिकल वर्कशॉपमध्ये कंप्रेसर आहे आणि तो प्रॅक्टिकल सोडून आठवडाभर झोपलेला असतो. वर्कशॉपच्या सरांना विनंती, की शनिवारी सकाळी सात ते आठ तो चालू ठेवावा. लॅब असिस्टंट काकांना जास्तीचं काम नको. थर्ड इयरच्या आम्ही चार मुली आळीपाळीने उभ्या राहू. आमच्याकडे एक गेज आहे, आकडा लिहायला वही आहे. डिसेंबरपासून मेपर्यंत एकाच गाडीची नोंद ठेवली तर वरचं २८ आणि ३३ चं गणित खरं की खोटं तेही कळेल, आणि ज्युनियर्सना एक मिनी प्रोजेक्ट आयता मिळेल. नावं नोंदवायला मुलींच्या हॉस्टेलच्या नोटीस बोर्डवर कागद लावलाय. मुलांनी वॉचमन काकांकडे द्यावीत.