धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांना जाहीर इशारा: खाटा द्या, नाहीतर करसवलत सोडा

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांच्या तमाम विश्वस्तांनो, तुमचा न्यास कोणत्याही धर्माचा असो वा उद्योगपतीच्या घराण्याचा, हा इशारा तुम्हा सगळ्यांना आहे.

न्यासाचे उत्पन्न धर्मादाय कामाला लागते, या भरवशावर तुम्हाला आयकर माफ आहे. तुमच्या देणगीदारालाही करपात्र उत्पन्नातून वजावट मिळू शकते. तुमच्यापैकी अनेकांना सरकारी जमीन नाममात्र दराने मिळाली, वाढीव चटईक्षेत्र मिळाले. तुम्ही न भरलेला कर आम्ही भरला आहे. तो नोकरदाराच्या पगारातून कापला गेला, हमालाने साबणाच्या वडीवर भरला. म्हणून हिशेब मागण्याचा हक्क आमचा आहे.

या सवलतींच्या बदल्यात तुम्ही काय द्यायचे, हे कायद्याने ठरवून दिले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाचे कलम ४१ एए आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना तुम्हाला बंधनकारक आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. म्हणजे २०० खाटांच्या रुग्णालयात ४० खाटा गरिबांच्या. शिवाय पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात गेलीच पाहिजे. तातडीचा रुग्ण आला, तर आधी दाखल करून घ्यायचे आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करायचे.

आणि तुमच्या काउंटरवर काय चालते? रात्री अकराला बाप छातीत कळ आलेल्या मुलाला घेऊन येतो. त्याच्या पिशवीत पिवळे रेशनकार्ड असते. योजनेत ते पुरावा म्हणून चालते, तरी त्याच्याकडे तहसीलदाराचा दाखला मागितला जातो. तहसील कार्यालय सकाळी उघडणार, आणि मुलगा स्ट्रेचरवर. मग ऐकू येते, 'धर्मादाय कोट्यातली खाट शिल्लक नाही.' खरेच शिल्लक नाही का, हे तपासायला भिंतीवर फलक नसतो. वैद्यकीय समाजसेवकाच्या खोलीला कुलूप असते. शेवटी अनामत रकमेचा आकडा पुढे सरकवला जातो आणि बायकोचे मंगळसूत्र सोनाराकडे जाते. हा गरिबाच्या हक्कावर घातलेला दरोडा आहे.

काही रुग्णालये ही योजना मनापासून राबवतात. त्यांना आमचा नमस्कार. त्यांची करसवलत राहिलीच पाहिजे, कारण ती त्यांनी कमावली आहे. बाकीच्यांनी आजपासून ३० दिवसांच्या आत पुढील गोष्टी कराव्यात:

१. राखीव, भरलेल्या आणि रिकाम्या खाटांचा फलक प्रवेशद्वाराशी मराठीत लावा. तो रोज बदला.
२. निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले, किती खर्च झाले आणि किती पडून आहे, हे जाहीर करा.
३. तातडीच्या रुग्णाकडे अनामत मागणे आजच बंद करा. यासाठी ३० दिवसांचीही मुदत नाही.
४. वैद्यकीय समाजसेवक चोवीस तास उपलब्ध ठेवा. त्याचा दूरध्वनी क्रमांक फलकावर लिहा.

मुदत संपताच आम्ही प्रत्येक कसूरदार रुग्णालयाविरुद्ध धर्मादाय आयुक्तांकडे पुराव्यानिशी तक्रार दाखल करू. निधीचे तपशील माहिती अधिकारात काढू आणि चौकाचौकात लावू. आयुक्तांचा आदेश तुमच्याविरुद्ध गेला आणि कायम झाला, की तो घेऊन आयकर खात्याचे दार ठोठावू. न्यासाच्या उद्दिष्टांशी निगडित इतर कायद्यांचा भंग हे नोंदणी रद्द करण्याचे कारण ठरू शकते, हे तुमच्या सनदी लेखापालाला विचारून घ्या. नोंदणी गेली, की पुढच्या उत्पन्नावर कर लागेलच. त्याखेरीज न्यासाच्या मालमत्तेच्या बाजारमूल्यातून देणी वजा जाता जे उरेल, त्यावरही कमाल दराने कर भरावा लागेल.

धर्मादाय आयुक्तांनाही सांगणे आहे. नोटिसा पुष्कळ झाल्या. आता तपासणी करा, कसूर दिसली तर खटले भरा. तुम्ही हलला नाहीत, तर आम्ही उच्च न्यायालयात जाऊ आणि त्या याचिकेत प्रतिवादी तुम्हीही असाल.

विश्वस्तांनो, गरिबाला खाट द्यायची नसेल, तर खुशाल खासगी रुग्णालय चालवा. मात्र नावातले 'धर्मादाय' पुसा, सवलतीची जमीन परत करा आणि इतर सगळ्यांसारखा कर भरा. ३० दिवसांत काय ते ठरवा.

आपले,
करदाते नागरिक आणि रुग्णांचे नातेवाईक