सपोर्ट कोणाचा संपला?

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि तेव्हापासून प्रत्येक दुरुस्तीवाल्यापुढे ग्राहकाचा एकच प्रश्न आहे: लॅपटॉप ठेवू की काढू? लॅमिंग्टन रोड असो की तपकीर गल्ली, त्याला ठरलेली दोन उत्तरे मिळतात. ‘आता यात दम नाही, नवीन घ्या’ हे एक, आणि ‘काही होत नाही हो, चालू द्या’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे लॅपटॉप न उघडता देता येतात, हाच त्यांचा मोठा दोष. सपोर्ट एका दिवसात संपत नसतो. बायोस लॅपटॉपच्या कंपनीकडून येते, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टकडून, ब्राउझर बहुधा आणखी कोणाकडून आणि बॅटरी-कीबोर्ड बाजारातून. यांतले काय अजून मिळते आणि काय बंद झाले, हे तपासून बिलावर लिहून देणे हे दुरुस्तीइतकेच आपले काम आहे, असे आमचे मत आहे.

२०१७च्या सुमाराचा, आय-५ ७२००यू प्रोसेसरचा लॅपटॉप घ्या. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली आणि रॅम आठ जीबी केली की कार्यालयीन कामाला तो आजही पुरतो. बहुतेक अशा लॅपटॉपमध्ये बायोसमधून इंटेलची पीटीटी सुरू केली की टीपीएम २.० मिळते, सिक्युअर बूटही असते. तरी विंडोज ११ त्याला नाकारते, कारण इंटेलच्या प्रोसेसरांची मान्य यादी मुख्यतः आठव्या पिढीपासून सुरू होते. गंमत अशी की सातव्या पिढीतला आय-७ ७८२०एचक्यू त्या यादीत अपवाद म्हणून आहे, आणि तो मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २मध्ये होता. म्हणजे रेघ केवळ प्रोसेसरच्या कुवतीवर ओढलेली नाही. शिवाय विंडोज १०वरचे सारे एकदम थांबलेले नाही. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जाहीर झाले, संस्थांना पैसे भरून तीन वर्षे घेता येतात. एज ब्राउझर आणि डिफेंडरच्या व्हायरस व्याख्या ऑक्टोबर २०२८पर्यंत मिळत राहतील. मात्र व्याख्या ताज्या असल्या तरी सिस्टिमच्या गाभ्यातले भोक त्याने बुजत नाही, हे ग्राहकाला आपणच सांगायला हवे.

सुरक्षेचा आक्षेप खराच आहे, पण तो नेमका मांडला पाहिजे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा व्हायरस पसरला, तेव्हा विंडोज एक्सपीचा सपोर्ट संपून तीन वर्षे झाली होती. तरी बळी पडली ती मुख्यतः विंडोज ७ची यंत्रे. त्यांचा सपोर्ट चालू होता, अपडेट मार्चमध्येच आले होते, फक्त कोणी टाकले नव्हते. यावरून एक्सपी सुरक्षित होते असा अर्थ कोणी काढू नये. त्या व्हायरसने एक्सपी बहुधा कोलमडूनच पडत असे. मुद्दा असा की तारखेइतकीच यंत्राची देखभाल आणि त्यावरचे काम महत्त्वाचे. नेट बँकिंग किंवा जीएसटीची डिजिटल सही ज्या लॅपटॉपवर होते, तो अपडेट्सशिवाय एक दिवसही ठेवू नये. नेटला न जोडता नुसत्या टंकनासाठी वापरायचा असेल, तर तो खुशाल वापरावा.

‘मग सरळ लिनक्स टाका’ असे काही जण म्हणतात. लिनक्स मिंट २२ला २०२९पर्यंत अपडेट्स आहेत, सातव्या पिढीवर ते छान चालते आणि युनिकोड मराठीची अडचण नाही. पण ज्या कार्यालयाचा वर्षानुवर्षांचा मजकूर श्री-लिपीत आहे, त्याचे काय? फॉन्ट उचलून टाकता येतो, टंकनाची सोय सोबत येत नाही. टॅली थेट चालत नाही. आणि कोपऱ्यातला कॅननचा एलबीपी २९००, जो काही केल्या मरत नाही, त्याचा जुना लिनक्स ड्रायव्हर बसवताना चांगलाच घाम निघतो. हे न विचारता फॉरमॅट मारून दिले तर ग्राहक आठवड्यात परत येतो, आणि त्याचा राग रास्त असतो. अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणाऱ्यांचेही तेच. ते चालते, पण त्यापुढच्या अपडेट्सची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. २४एच२ आवृत्तीने कोअर २ ड्युओ तर कायमचा बाहेर काढला. ही तोड ग्राहकाला न सांगता विकणे ही फसवणूक आहे.

एवढ्या तपासणीचे पैसे कोण देणार, असे विचारले जाईल. आज बरेच जण देणार नाहीत. पण पाठचे झाकण तसेही उघडावेच लागते: बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर बाकी कोणतीही चर्चा नंतर. उरलेली माहिती तिथेच पंधरा-वीस मिनिटांत कळते. त्या ७२००यूच्या बिलावर मग असे लिहिता येईल: ‘बॅटरी बदलली. बायोस कंपनीच्या शेवटच्या आवृत्तीवर, पुढे येणार नाही. विंडोज १० वाढीव अपडेट्ससह, १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत. त्यानंतर या लॅपटॉपवर बँकेचे काम करू नये.’ खाली दुकानाचा शिक्का आणि सही.